हातचं की शिक्क्याचं?

साशंक : ज्यू मित्राच्या घरी सणासुदीला जायचं तर खाण्याची वस्तू नेऊच नये, असं माझं सरळ मत आहे. पुस्तक न्या, कुंडीतलं रोप न्या, पोरांना खेळणं न्या. खाऊ नेलात की पंचाईत ठरलेली. आपण हौसेनं घरी बेसन भाजावं, लाडू वळावेत, स्टीलच्या डब्यात रचून न्यावेत. यजमानांनी तोंड भरून कौतुक करावं, डबा आत ठेवावा. आणि आपली पाठ वळली की लाडू वॉचमनच्या घरी जावेत. यात कोणी कोणाला फसवलं असं मी म्हणत नाही. यजमानांनी पाहुण्याचं मन राखलं, एवढंच. पण ज्यांच्यासाठी वळले त्यांच्या तोंडात लाडू गेलाच नाही, तर त्याला भेट म्हणायचं कशाला? आणि तोंडात जाईल असा लाडू करायचा तर आधी अख्खं धर्मशास्त्र पालथं घालायला हवं. एवढा अभ्यास करून कोणी कोणाला खाऊ देतं का?

उत्साही : वॉचमनच्या पोरांना लाडू मिळाले तर ते काही वाया गेले नाहीत. पण पंचाईत तुम्ही फुगवून सांगताय. मूळ नियम अलिबागकडच्या कुठल्याही बेने इस्राएल, म्हणजे कोकणातल्या मराठी ज्यू, आजीनं मासळी निवडता निवडता सांगितले असते. जनावर रवंथ करणारं आणि दुभंगलेल्या खुराचं हवं; म्हणून बोकड चालतो, डुक्कर नाही. मासा परांचा आणि खवल्यांचा हवा. म्हणून बांगडा, रावस चालतात, आणि कोळंबी, चिंबोरी, तिसऱ्या, माकूल, मोरी बाद. रक्त खायचं नाही, म्हणून जाणकारानं विधीप्रमाणे कापलेलं मांस मीठ लावून निथळायचं. आणि मांस व दूध एकत्र आणायचं नाही. करडाला त्याच्या आईच्या दुधात शिजवण्याची मनाई तोरात, म्हणजे त्यांच्या मूळ धर्मग्रंथात, तीन ठिकाणी आली आहे. या शेवटच्या नियमातून कोकणात काय स्वयंपाक निघाला पाहा. मटणाला दही लावता येत नाही, तर वाटणात नारळाचं दूध. रोश हशाना, म्हणजे त्यांचा नव्या वर्षाचा सण, त्याला गव्हाच्या चिकाचा हलवा होतो. तोही नारळाच्या दुधातला, म्हणजे मटणाच्या जेवणावर निर्धास्त खाता येतो. कुरडयांसाठी आपल्याकडे चीक निघतोच की.

बेने इस्राएलांतली एक दंतकथा आहे. डेव्हिड रहाबी नावाचा बाहेरगावचा ज्यू कोकणात आला. शनिवारी घाणा बंद ठेवणारे हे तेली, ज्यांना गाव शनिवार तेली म्हणायचं, ते खरोखर आपले का, हे त्याला पारखायचं होतं. त्यानं बायकांपुढे सगळ्या जातीची मासळी ठेवली. त्यांनी खवल्यांची तेवढी वेगळी काढली आणि त्याची खात्री पटली. ज्यांची ओळखच चुलीपाशी पटली, त्यांच्या घरी खाण्याखेरीज दुसरं काय न्यायचं?

साशंक : दंतकथा गोड आहे, पण ती माझ्या बाजूची आहे. मासळी रहाबीनं आणली, शिजवली त्या बायकांनी. तुम्ही निघालाय शिजवलेलं घेऊन. माझ्या लाडवाचंच बघा. तो साजूक तुपातला, म्हणजे दुधाचा. शुक्रवारी रात्री शब्बाथच्या, म्हणजे शनिवारच्या विश्रांतीच्या दिवसाच्या, जेवणात बहुतेक घरी कोंबडी नाहीतर मटण असतं. मांसानंतर दुधाचं खायला कोणी सहा तास थांबतं, कोणी तीन, हॉलंडचे ज्यू एक. म्हणजे मी निघून घरी पोचलो तरी लाडू डब्यातच. पुढे कढई. तिच्यात गेल्या आठवड्यात आमच्याकडे कोळंबी झाली होती. भांड्यात चव मुरते असं त्यांचं शास्त्र मानतं, आणि चिनी मातीचं भांडं एकदा बाटलं तर सहसा परत वापरात येत नाही. पुढे डबा. धातूचं किंवा काचेचं भांडं बिगरज्यूकडून आलं तर त्यात अन्न ठेवण्याआधी ते मिकवेत, विधीच्या कुंडात, बुडवून काढतात. त्यातून मी हौशी असलो आणि वर चांदीचा वर्ख लावला, तर तो जनावराच्या आतड्याच्या पडद्यात कुटलेला नाही कशावरून? 2016 साली सरकारनं त्याला मनाई केली, म्हणून माझ्या हलवायाच्या वर्खाची शपथ मी घेऊ?

हिरव्या ठिपक्यावर विसंबणारे तर सपशेल फसतात. शाकाहारी आहे म्हणजे चालेलच, असं आपल्याला वाटतं. हिरवा ठिपका मांस-अंडं नाही एवढं सांगतो. त्यात दूध आहे की नाही हे सांगत नाही, आणि यांना नेमकं तेच हवं असतं. द्राक्षाचं व्हिनेगर त्याला चालतं, यांना चालत नाही. चीज कुठल्याही कारखान्यातलं त्याला चालतं, यांच्याकडे त्यावर वेगळी देखरेख लागते. पेसाह या त्यांच्या सणाच्या आठवड्यात तर साधा पोह्यांचा चिवडाही पाप. फोडणीतल्या बांधानी हिंगात मैदा असतो, आणि त्या आठवड्यात गव्हाचं फुगू शकणारं काही खायचं तर नाहीच, घरातही ठेवायचं नाही. चिवडा देऊन मी मित्राला खाऊ दिला नाही, घरातून काढून टाकायचं एक काम दिलं.

उत्साही : एवढं सगळं तुम्हाला ठाऊक आहे, म्हणजे अभ्यास झालेला आहे! मग लाडवावर अडून का बसताय? लाडू सोडा. अख्खं, न कापलेलं फळ घ्या. त्याला शिक्का लागत नाही, कढई लागत नाही, दुधाचं की मांसाचं हा प्रश्न नाही. जेवणाआधी चालतं, जेवणावर चालतं. पेसाह मार्च-एप्रिलमध्ये येतो. उशिरा आला तर हापूसची पेटी आलेली असते, आणि चिवड्यानं अडचणीत आलेलं ते घर पेटीला दोन्ही हात पुढे करील. रोश हशानाच्या दुसऱ्या रात्री पुष्कळ घरांत हंगामातलं पहिलं, वर्षभरात न चाखलेलं फळ ताटात ठेवायची रीत आहे. त्यासाठी जगभर डाळिंब आणतात. डाळिंब आपल्याकडे बारमाही झालंय. पण सप्टेंबर-ऑक्टोबरात पुरंदरचं सीताफळ बाजारात नुकतंच आलेलं असतं. नव्या फळासाठी याहून चांगलं काय नेणार? न्यूयॉर्कच्या ज्यूला ही भेट कोणी देऊ शकणार नाही, पुण्याच्या कॅम्पात लाल देवळाला, म्हणजे तिथल्या सिनेगॉगला, जाणाऱ्याला देता येते.

फळांत मात्र डोळे उघडे ठेवायचे. महाबळेश्वरची स्ट्रॉबेरी दिसायला भेटीसाठीच जन्मलेली, पण तिच्या खाचांत बारीक किडे बसतात आणि किडा त्यांना निषिद्ध. यजमानीणबाई ती साबणाच्या पाण्यात घालून बसेल. अंजिराचं तेच. द्राक्षांचा घड चालतो, द्राक्षांचा रस नाही, आणि नाशिकची वाइन कितीही नावाजलेली असो, ज्यू हातांनी केलेली नसेल तर मुळीच नाही. वेंगुर्ल्याचे साधे काजू न्या, खारवलेले-तळलेले नकोत, त्यांचं तेल कोणतं ते आपल्याला कळत नाही. मध न्या, मधमाशी निषिद्ध आणि मध चालतो, ही त्या शास्त्रातली मला सर्वांत आवडणारी गोष्ट आहे. चहाची पत्ती, कॉफीच्या बिया, अख्खा मसाला, वेलदोडे. आणि शनिवारी दारात उभे राहू नका, शुक्रवारी दुपारीच पोचवा.

साशंक : तुमची यादी चोख आहे, पण हीच यादी वाण्याच्या दुकानात चिकटवली असती तरी चाललं असतं. वेलदोडे, काजू, मध. यात मी कुठे आहे? आमच्याकडे फराळाचं ताट शेजारी जातं तेव्हा अनारसा कोणाकडचा जाळीदार आणि कोणाकडचा विरघळला यावर आठवडाभर बोलणं होतं. ते बोलणं हीच भेट. स्टीलचा डबा परत येताना रिकामा येत नाही, आणि त्या येण्या-जाण्यात शेजार तयार होतो. इथे काय होतं? मित्र मला त्याच्या आईच्या हातचा चिकाचा हलवा देतो, मी बोटं चाटून खातो. डबा परत करताना मी त्यात काय घालू? वेलदोडे? तो मला जेवू घालू शकतो, मी त्याला नाही. सगळं देणं एका बाजूचं.

आता मनातलं बोलतो, कारण फळांच्या गप्पांत ते झाकलं जातंय. तुमचं फळ का चालतं? त्यावर माझा हात फिरलेला नाही म्हणून. 'तुमच्या हातचं चालत नाही' हे वाक्य महाराष्ट्रात साधं नाही. या वाक्यानं पिढ्यान्पिढ्या माणसं उंबऱ्याबाहेर ठेवली. 1927 साली महाडला तळ्याचं पाणी ओंजळीत घ्यायला सत्याग्रह करावा लागला. सहभोजनं घडवून आणावी लागली, त्यावरून घरं फुटली. आमच्या आजीचं सोवळं आम्ही याच कारणासाठी मोडलं. मग तेच वाक्य ज्यू मित्राच्या घरात हसतमुखानं का ऐकून घ्यायचं? घरचं सोवळं ते बुरसटलेलं, आणि परक्याचं ते संस्कृती?

उत्साही : हा प्रश्न योग्य आहे आणि तो फळांनी झाकायचा माझा विचार नव्हता. पण दोन्ही गोष्टी एक नाहीत. सोवळ्यात बाट माणसाच्या स्पर्शात होता. सावली पडली तरी बाट. कोशर, म्हणजे खाण्याचे हे नियम पाळणाऱ्या, घरात तुम्ही त्यांच्याच टेबलाशी बसता, त्यांच्याच ताटात जेवता, पाण्याचा तांब्या तुमच्या हातून त्यांच्या हातात जातो, शिजलेल्या भाताला तुमचा हात लागला म्हणून भात टाकत नाहीत. अडतं कुठे, तर कढईत काय शिजलं होतं, तूप की तेल, पीठ चाळलं होतं का, इथे. तो हिशोब वस्तूंचा आहे. तुमच्या कढईत कोळंबी झाली नसती तर कढईबद्दल कोणी बोललं नसतं.

साशंक : अर्धंच सांगताय. वाइनचं तुम्हीच आत्ता म्हणालात, ज्यू हातांनी केलेली नसेल तर नाही. द्राक्ष तेच, पिंप नवं, तरी नाही. तिथे वस्तूंचा हिशोब कुठे गेला? आणि शिजवलेल्या अन्नाचं? सगळं सामान कोशर, भांडं कोरं, तरी बिगरज्यूनं एकट्यानं शिजवलेलं पुष्कळ अन्न वर्ज्य. का, ते त्यांच्याच धर्मपंडितांनी लपवलेलं नाही: एकत्र खाणंपिणं वाढलं की सोयरिकी होतील, त्या होऊ नयेत. हा नियम कढईबद्दल नाही, माझ्याबद्दल आहे. आमच्या आजीनंही काही वेगळं सांगितलं नव्हतं. पंगत एक झाली की लग्नं होतात, हे तिलाही कळत होतं.

उत्साही : बरोबर. हे नाकारता येणार नाही. थोडं सौम्य करून सांगता येईल: जे कच्चं खाता येतं त्याला हा नियम लागत नाही, किरकोळ खाण्याला लागत नाही, आणि युरोपकडच्या ज्यूंच्या परंपरेत ज्यू माणसानं गॅस पेटवून दिला तरी पुरतं, पुढचं तुम्ही करा. बेने इस्राएल ज्या सेफार्दी वळणाचे आहेत त्यात भांडं चुलीवर चढवणाराही ज्यू लागतो. पण सौम्य केलं म्हणून हेतू बदलत नाही. हेतू वेगळं राहण्याचाच आहे.

पण कोण वेगळं राहतंय तेही बघायला नको का? महाडला ज्यांनी पाणी अडवलं त्यांच्या हातात तळं होतं, गाव होतं, बाजार होता. कोकणातल्या घाणेवाल्याच्या हातात काय होतं? तेली म्हणून गावच्या उतरंडीत तो वरचा नव्हता. त्यानं तुमचं खाल्लं नाही म्हणून कोणाचं पाणी तुटलं नाही, कोणाचा रस्ता बंद झाला नाही. चारी बाजूंनी दुसऱ्यांचे देव, दुसऱ्यांचे सण. त्याच्याकडे धर्मग्रंथ राहिले नव्हते, प्रार्थनेची भाषाही जवळजवळ गेली होती. शनिवार, सुंता, शेमाची प्रार्थना आणि ताट, एवढंच उरलं होतं. ते ताट त्यानं सोडलं असतं तर आज कोणाच्या घरी काय न्यावं हा प्रश्नच तुम्हाला पडला नसता. बलवान माणसाचा नकार आणि मूठभरांचा नकार एकाच तागडीत घालू नका.

साशंक : मूठभरांनाही उतरंड रचता येते. याच बेने इस्राएलांत गोरे आणि काळे असे दोन गट होते. गोऱ्यांनी काळ्यांशी सोयरीक करायची नाही, एकत्र जेवायचं नाही. हे तोरातून आलं नाही, गावातून आलं. आणि पुढे तेच त्यांच्यावर उलटलं. इस्रायलला गेल्यावर 1960 च्या दशकाच्या सुरुवातीला तिथल्या मुख्य धर्मपीठानं सांगितलं, यांची लग्नं लावताना आधी वंशावळ तपासा. मराठी बोलणारी माणसं जेरुसलेममध्ये धरणं धरून बसली, तेव्हा 1964 मध्ये तो आदेश मागे घ्यावा लागला. म्हणून म्हणतो, शुद्धतेची मोजपट्टी एकदा घरात आली की ती कुणाकुणाला लावली जाईल ते सांगता येत नाही.

उत्साही : गोरे-काळे भेद होता, आणि त्याची बाजू मी घेणार नाही.

साशंक : मग दुसरी अडचण सांगतो. तुम्ही सारखं 'ज्यू मित्र' म्हणताय, जणू सगळे एकाच साच्यातून काढलेत. माझ्या ओळखीत कोणी घरी पाळतो आणि बाहेर फक्त शाकाहारी जेवतो, कोणी डुक्कर तेवढं टाळतो, कोणी काहीच पाळत नाही आणि मालवणी हॉटेलात कोळंबीचं कालवण माझ्याआधी मागवतो. त्याच्यासमोर मी शिक्का बघून आणलेला डबा ठेवला तर त्याला काय वाटेल? ही भेट तुला नाही, तुझ्या जातीला आहे, असंच ना? ब्राह्मण दिसला की 'तुम्हाला वरण-भातच आवडत असेल' म्हणणारे असतात, त्यातलाच हा प्रकार. एवढी काळजी घेऊन मी त्याला एका खणात बसवला.

उत्साही : यावर उपाय आहे आणि तो आपल्या हाडीमाशी खिळलेला आहे: विचारायचं. आपण उपवासवाल्याला काय करतो? 'तुमच्याकडे उपवासाला कोथिंबीर चालते का? जिरं चालतं का?' एका घरी चालते, दुसऱ्या घरी चालत नाही, दोघेही एकाच विठोबाची एकादशी करतात, आणि विचारणाऱ्याला कोणी खणात बसवलं म्हणत नाही. तिकडेही हुबेहूब हेच. पेसाहला तांदूळ चालतो का? पूर्व युरोपातल्या ज्यूंनी शतकानुशतकं टाळला, बेने इस्राएलांच्या पेसाहला भात असतो. दूध कोणतंही चालतं की ज्यूच्या नजरेखाली काढलेलंच? घरागणिक उत्तर वेगळं. तुमचा कोळंबीवाला मित्र हसून म्हणेल, आण रे काहीही. मग न्या ना बेसनाचे लाडू.

साशंक : विचारलं की भेटीतली गंमत गेली.

उत्साही : गंमत जाऊ द्या. दुःखाच्या घरी गंमत कुठे असते? त्यांच्यात माणूस गेला की घरचे सात दिवस बसतात, शिवा म्हणतात त्याला. दफनाहून आल्यावरचं पहिलं जेवण घरच्या अन्नाचं करायचंच नसतं, शेजाऱ्यापाजाऱ्यांनी आणलेलं खायचं. मसूर, उकडलेली अंडी, असं काहीतरी. आपणही दुखवट्याच्या घरी पिठलं-भात पाठवतो. अशा वेळी शेजारी म्हणून तुमचे हात शिवशिवतात आणि तुमचंच पातेलं चालत नाही. मग काय, कुंडीतलं रोप नेणार? फोन करायचा, त्यांच्यातल्याच कोणाला तरी विचारायचं, मसूर आणि तांदूळ तुम्ही घेऊन जायचं आणि त्यांच्या स्वयंपाकघरात त्यांच्या माणसाच्या हाताखाली कांदा चिरायचा. सामान तुमचं, धावपळ तुमची, पातेलं त्यांचं. माझ्या मते सगळ्यांत चांगली भेट हीच आहे, आणि तिच्यात तुम्ही नाही असं कसं म्हणाल?

साशंक : हे मला पटतं. कांदा चिरायला मी येईन. पण शहरातल्या माणसाला एवढी उसंत कुठे असते? तो काय करतो, शिक्का शोधतो. वर्तुळात यू, नाहीतर ताऱ्यात के. आपल्याकडच्या निर्यातीच्या मसाल्यावर, चहाच्या खोक्यावरही असे शिक्के दिसतात. त्यातही मेख. यूच्या पुढे डी असेल तर दुधाचं, आणि पी असेल तर लोकांना वाटतं पार्वे, म्हणजे ना दुधाचं ना मांसाचं. तर नाही, तो पी पेसाहचा. असा शिक्क्याचा डबा नेला की कोणी विचारत नाही, कोणाला संकोच नाही, खाल्लं जातं. पण ती भेट कारखान्याकडून तपासनिसामार्फत मित्राला गेली, मी फक्त हमाल.

उत्साही : हमाल म्हणा, पण त्या शिक्क्यानं तुम्हाला आत घेतलं हे विसरू नका. शिक्का काही सिनाय पर्वतावरून आला नाही. 1920 च्या दशकात अमेरिकेत ऑर्थोडॉक्स युनियननं हाइन्झच्या शाकाहारी बीन्सच्या डब्यावर वर्तुळातला यू छापायला लावला, तिथून हे वाढलं. अन्न दूरच्या कारखान्यातून यायला लागलं, करणारा कोण ते दिसेना, म्हणून. त्याआधी सगळा कारभार माणसाच्या शब्दावर चालायचा. त्यांच्या शास्त्रात पैशाच्या दाव्याला दोन साक्षीदार लागतात, पण ताटातलं चालतं की नाही याला एका माणसाचा शब्द पुरतो, बाईचाही. आई म्हणाली कोशर आहे, संपलं. चौकशी नाही. हजारो वर्षं हा धर्म बायकांच्या शब्दावर जेवलाय.

साशंक : आणि त्या शब्दांत माझा शब्द धरत नव्हते. बिगरज्यूची तशी साक्ष चालत नाही.

उत्साही : नव्हते धरत. म्हणूनच मी म्हणतो, शिक्क्याचा तुम्हाला राग येतो तो उलटा आहे. विश्वासाच्या त्या जुन्या जगात तुम्ही शिजवलेलं काहीही आणलं असतं तरी ते दारातच राहिलं असतं, कारण तुमचा शब्द मोजलाच जात नव्हता. कारखान्याचा शिक्का कोणी आणला ते विचारत नाही. रुक्ष आहे, मान्य. पण परक्या माणसाला त्या ताटापर्यंत पोचवणारा तोच आहे.

साशंक : मग आतल्यांचं सांगा. तुम्ही मित्रांचं सोडवलंत, नात्यातल्यांचं राहिलं. बहुतेक बेने इस्राएल आता इस्रायलमध्ये आहेत. इकडे आई, तिकडे मुलगी, असं चित्र घरोघर. समजा, ठाण्याची मुलगी अश्दोदला गेली, तिथे कडक झाली, बदात्सच्या, म्हणजे कडक धर्मपंडितांच्या मंडळाच्या, शिक्क्याशिवाय खात नाही. ती नव्या वर्षाला घरी येते. बॅगेत आईसाठी शिक्क्याची चॉकलेटं, शिक्क्याची बिस्किटं. आईनं तिच्यासाठी दोन दिवस गहू भिजवून, वाटून, चीक काढून हलवा केलाय, नारळाचं दूध घालून, जसा तिच्या आईनं केला, त्या आईच्या आईनं केला. आणि मुलगी म्हणते, आई, नको. या घरात मांसात दूध कधी पडलेलं नाही. पण शिक्का नाही. तुमच्या शिक्क्यानं मला, परक्याला, ताटापर्यंत आणलं; आणि जिच्या शब्दावर ते ताट इतकी वर्षं चाललं तिला दारात उभं केलं. 1964 साली वंशावळ मागणाऱ्यांना या लोकांनी नमवलं. आता आईच्या हलव्याची वंशावळ तिची मुलगी मागते, तेव्हा धरणं कोणापुढे धरायचं?

उत्साही : मुलीलाही ऐकून घ्या. तिनं आईला खोटं ठरवलेलं नाही. तिला हलव्यातला गहू चाळताना किडे कोणी बघितले, पातेलं मधल्या काळात कुठे वापरलं, शेजारणीनं नेलं होतं का, हे प्रश्न पडतात. आणि ज्या देशात तिला एकेकाळी अर्धी ज्यू समजलं असतं, तिथे हे प्रश्न पडणं हाच तिचा पुरेपूर असण्याचा पुरावा आहे. तो पुरावा ती आईसाठीही मिळवतेय, असं तिला वाटत असेल. चूक कोणाची म्हणू?

साशंक : चूक कोणाची ते मी विचारत नाही. त्या घरी तुम्ही मित्र म्हणून जाताय. काय न्याल?

उत्साही : फळ नेऊन सुटणार नाही, हे दिसतंय. मी नवं कोरं पातेलं नेईन. मिकवे जवळ नसेल तर अलिबागच्या समुद्रात बुडवून आणा म्हणेन, समुद्र चालतो. सोबत अख्खा गहू, दोन नारळ, साखर. म्हणेन, मायलेकींनी मिळून करा. गहू मुलीनं निवडावा, चूल मुलीनं पेटवावी, ढवळायला आई हवीच, तिच्याशिवाय चिकाच्या गाठी होतील.

साशंक : म्हणजे पाहुण्यानं येऊन आईला सांगायचं की तुमच्या जुन्या पातेल्याचं काही खरं नाही.

उत्साही : असं मी सांगणार नाही. आधी आईला विचारीन.

साशंक : आणि ती म्हणाली, माझ्या पातेल्याला काय झालंय?

उत्साही : तर तो त्या दोघींचा प्रश्न आहे. त्यात मी पडणार नाही.

साशंक : पातेलं आणलंत तेव्हाच पडलात.